लागू नाही

जिल्ह्यात घरोघरी तंबाखू किती खाल्ली जाते आणि त्यावर कुटुंबाच्या उत्पन्नाचा व शिक्षणाचा काय परिणाम होतो, हे शासनास जाणून घ्यावयाचे होते. परिणाम होतोच, हे वरच्या कार्यालयात आधी ठरले होते. मोजणी तेवढी राहिली होती. ती गुरुजींकडे आली, कारण गुरे, माणसे आणि संडास गुरुजीच मोजतात. सोबत एक अट होती. ज्या घरात तंबाखू सापडेल, त्या घरच्या बाईने शाळेची खिचडी शिजवू नये.

इंझोरीपलीकडच्या तांड्यावर नऊ वर्षे गोमतीबाई खिचडी शिजवत होती. घरात ती एकटी, आणि तिचे पोट याच कामावर. तंबाखू तिने जन्मात तोंडात घातली नव्हती, म्हणून बिचारी निर्धास्त होती.

लखीराम गुरुजी, एम.ए., बी.एड., मोबाईल घेऊन चुलीपाशी आले. गालात खर्रा होता. तो रोज गोमतीबाईच घोटून द्यायची. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खिचडीला उकळी येईपर्यंत घासायची. असा हात तालुक्यात कोणाचा नाही, असे गुरुजी सर्वांना सांगत.

शिक्षण विचारल्यावर तिने सही येते म्हणून सांगितले. गुरुजींनी 'निरक्षर' दाबले. उत्पन्न तिच्या चपला पाहून भरले. लगेच पुढचा प्रश्न उघडला: कोणती तंबाखू? खर्रा, बिडी, गुल, तपकीर. 'काहीच नाही' असा पर्याय नव्हता. या गटात असे कोणी असेल, हे तज्ज्ञांना सुचलेच नव्हते.

"मी काहीच खात नाही, गुरुजी. तुमी तं रोज पाहता."

"माह्या पाहण्याचा रकाना नाही त्यात. हात दाखव."

त्यांनी हाताचा वास घेतला आणि हळहळले. अगदी मनापासून हळहळले. मग 'खर्रा' दाबले.

"हा वास तुमच्याच खर्र्याचा हाये."

"हाये ना. पण सापडला तुह्या हाताले."

तिने त्यांच्या घरचे काय भरले, असे विचारले. गुरुजींनी समजावून सांगितले की दहावी शिकलेल्या, पगारदार घरात तो प्रश्न उघडतच नाही; आपोआप 'लागू नाही' येते. शिकलेल्याला दुष्परिणाम ठाऊक असतात, त्याला विचारून अपमान कशाला करायचा? एवढे सांगेपर्यंत ते दोनदा बाहेर जाऊन थुंकून आले.

"मंग मले बी 'लागू नाही' लिहा."

"त्याले दहावी लागते."

सोमवारी तिच्या जागी लीलाबाई रुजू झाली. दहावी पास, नवरा पगारदार. दोन्ही वेळ गुल घासून तिचे दात काळे पडले होते, पण ते लागू नव्हते. गोमतीबाई स्वयंपाकखोलीची किल्ली द्यायला आली, तेव्हा गुरुजींनी सवयीने पन्नी पुढे केली. जाता जाता एक घोटून दे म्हणाले. तिने हात पदराआड घेतले.

"लीलाबाईले सांगा. माह्या हाताले तंबाखूचा वास येते."

पुढे अहवाल आला. तंबाखू केवळ गरीब व अशिक्षित घरांत आढळते, सबब शिक्षण हाच उपाय. अचूक मोजणीबद्दल गुरुजींचा शाल देऊन सत्कार झाला. भाषणाआधी ते थुंकून आले.

गोमतीबाईला ही गोष्ट वाचता येणार नाही. तुम्हाला येते, म्हणजे तुम्हालाही तो प्रश्न लागू नाही. तेव्हा खुशाल हसा. फक्त तोंडातले आधी थुंकून या.