गजरा म्हशीच्या पाठीवरून बगळा हुसकाविल्याची हकीकत

राजमान्य वाचक मंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, दौलताबादच्या सडकेलगत, पडेगाव मुक्कामी जे थोर युद्ध जाहले, त्याची खरी हकीकत आजवर कोणी लिहिली नाही, म्हणोन ती लिहिणे प्राप्त जाहले. ह्या युद्धात तोफ डागली नाही, घोडा दौडला नाही, रक्त सांडले ते गोचिडांचे, आणि तेही मूळचे म्हशीचेच होते. बखरकाराने पक्षपात करू नये ऐसा दंडक आहे. परंतु ज्या घरच्या दुधाचा चहा आम्ही दोन्ही वेळ पितो त्याच घरची बखर लिहीत असल्याकारणे कोठे वजनमापात फरक पडल्यास तो वाचकांनी पदरात घ्यावा.

खासे नानासाहेब हे मूळचे फुलंब्रीकडील जमीनजुमलेदार. त्यांचे चिरंजीव ऋतुराज वाळूजच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि त्यांणी पडेगावी बंगला बांधिला, आणि मग मातापित्यांस तेथे आणिले. शेती बटईने गेली, गावचा पार सुटला, सोसायटीचे राजकारण सुटले, आणि एवढ्या दौलतीपैकी नानासाहेबांनी हट्टाने बरोबर आणिली ती एकटी गजरा म्हैस. बंगल्यामागे पत्र्याचा गोठा उभा राहिला. पहाटे उठावे, शेण काढावे, वैरण टाकावी, म्हशीस धुवावे, आणि मग मनकर्णाबाईसाहेबांनी बादली घेऊन धारेस बसावे, ऐसा दरबारचा रिवाज होता. त्यानंतर दिवसभर नानासाहेबांस कोणी काही पुसत नसे. गजरा नसती तर त्यांस उजाडले काय आणि मावळले काय सारखेच होते, हे ते जाणून होते, परंतु चारचौघांत बोलत नसत.

ह्या दरबारात आणखी एक मानकरी होता. रोज सकाळी नाल्याकडून एक पांढरा बगळा येई, तो विनापरवाना गजराबाईंच्या पाठीवर चढे, आणि चालत चालत मानेपर्यंत जाऊन कानामागे चोच घाली. त्याच्या उजव्या पायाचे एक बोट तुटलेले होते. गजराबाई डोळे मिटून रवंथ करीत आणि मनकर्णाबाई खाली धार काढीत. हा बंदोबस्त इतका बिनबोभाट चालला होता की तो बंदोबस्त आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नाही.

मग एके दिवशी जालन्याचे व्याही भेटीस आले. कन्या तनुजा ज्या घरी दिली त्या घरचे ते कर्ते पुरुष, म्हणोन नानासाहेबांनी गजराबाईंस तेल चोपडून आरशासारखे चकचकीत केले, स्वतः परीटघडीची टोपी घातली, आणि व्याह्यांस गोठ्यात नेऊन म्हशीची वंशावळ सांगण्यास आरंभ केला. इतक्यात पाठीवरील बगळ्याने उड्डाण केले आणि उडता उडता आपला शिक्का थेट नानासाहेबांच्या टोपीवर उमटविला. गजराबाईंच्या काळ्या पाठीवरही एक लांब पांढरा ओघळ आला. तेव्हा व्याही बोलिले, “नानासाहेब, टोपीला कलाबतू कवा लावली म्हणायची?” सगळे हसले. नानासाहेबही हसले, आणि आतून जळून खाक जाहले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आम्हा लोकांचे अर्धे आयुष्य ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून गोफण फिरविण्यात जाते. कणीस भरले की आभाळातून येणारा प्रत्येक जीव चोर, हे बाळपणीच हाडात मुरते. पंख दिसला की हात दगडाकडे जातो, डोके मागाहून पोहोचते, आणि पुष्कळ वेळा पोहोचतच नाही. नानासाहेबांनी विचार केला तो इतकाच की पाखरू रोज येते म्हणजे ते आपले काहीतरी खाते. म्हशीच्या पाठीवर खाण्याजोगे काय पिकते, हे त्यांणी स्वतःस पुसले नाही, आणि मोहिमेचा घात तेथेच जाहला.

दुसरे दिवशी फर्मान सुटले की बगळ्यास गजराबाईंच्या मुलखातून हद्दपार करावे. प्रथम गोफण बाहेर काढली. नानासाहेबांचा नेम पंचक्रोशीत मशहूर होता, परंतु त्या गोष्टीस पुष्कळ पावसाळे लोटले होते, त्यामुळे पहिलाच धोंडा शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीस लागला आणि टाकीने जबर आवाज केला. चिरंजीवांनी गोफण जप्त केली. मग डबे बडविण्यात आले, गाण्यांच्या जुन्या सीड्या दोरीस बांधोन गोठ्याभोवती लटकाविल्या, आणि दरवाजाशी एक बुजगावणे उभे केले, त्यास नानासाहेबांचा लग्नातला कोट चढविला. त्या कोटात बुजगावणे नानासाहेबांपेक्षा भारदस्त दिसत होते, ऐसे मनकर्णाबाईंचे मत पडले. बगळ्याने एक वेळ घिरटी घातली, कोट पाहिला, आणि तो नाल्याकडे निघून गेला. नानासाहेबांनी पेढे वाटिले. बखरकारानेही खाल्ले, खोटे कशाला बोला.

फत्तेचा आनंद फार टिकला नाही. गजराबाईंचे शेपूट थांबेना. त्या कान झटकीत, मान भिंतीस घासोन रंग काढीत, आणि धारेची वेळ आली की लाथ झाडीत. मग त्यांणी पान्हा चोरला. बादली कोरडी घेऊन मनकर्णाबाई घरात आल्या आणि बोलिल्या, “दूध वर चढवायली ती. हात लावू देईना.” सरकी घातली, गूळ घातला, पाठीवर थोपटले, काही केल्या उपयोग होईना. मग मसलतीस सोनाजी मेंढके यांस पाचारण जाहले. सोनाजी नाल्याकाठी मेंढरे आणि एक म्हातारी म्हैस चारीत आणि नानासाहेबांशी तंबाखूची देवघेव ठेवीत. त्यांणी म्हशीस चहूबाजूंनी न्याहाळून निदान केले, “दिष्ट लागली हो नाना. व्याही आलते ना, त्यांचीच.” हे निदान नानासाहेबांस अतिशय पसंत पडले, कारण त्यात दोष जालन्यास जात होता. मिरच्या ओवाळून विस्तवात टाकिल्या. ठसक्याने सारा गोठा खोकला आणि गजराबाईंनी बादली पत्र्यावर भिरकाविली.

गुरांच्या डॉक्टरांस बोलाविले. त्यांणी लांबूनच पाहोन सांगितले की कानामागे गोचिडांची वस्ती जाहली आहे, आणि लावण्यास औषध दिले. परंतु बाटली घेऊन जवळ जाणाऱ्या प्रत्येकास गजराबाई शिंग दाखवीत, त्यामुळे औषध म्हशीस कमी आणि नानासाहेबांच्या धोतरास अधिक लागले. तेव्हा ऋतुराज यांणी निर्वाणीचा हुकूम सुनाविला, “नाना, दूध नाही, वैरण मिळत नाही, आणि तुमचं वय काय झालंय? एखाद दिवशी लाथ बसली तर? आईतवारी टेम्पो सांगितलाय. फुलंब्रीला काकाकडं राहील ती. तोवर दूध देऊ लागली तर ठेवू.” बोलणे रास्त होते, त्यामुळे अधिक लागले. नानासाहेबांनी त्या सांजेस भाकर मोडली आणि तशीच ताटात ठेविली.

दुसरे दिवशी खासा स्वारी एकटीच नाल्याकडे निघाली. मनात काही मसलत नव्हती, केवळ घरात बसवेना. तेथे सोनाजींची म्हातारी म्हैस चिखलात पसरली होती, आणि तिच्या मानेवर तोच तुटक्या बोटाचा बगळा उभा राहून कानामागे चोच चालवीत होता. एक गोचीड टिपावी, थांबावे, म्हशीने कान हलविला की पुढे सरकावे, पुन्हा टिपावी. म्हशीचे डोळे मिटलेले, ओठ लोंबलेला, लग्नाची पंगत उठल्यावर मांडवात लवंडलेल्या पाहुण्यासारखी सुस्त. नानासाहेब तेथेच मटकन बसले. ज्यास आपण चोर म्हणोन हाकलिले तो गजराबाईंचा खासगीतला न्हावी होता, आणि पाखराचे पोट भरत होते ते आपल्या म्हशीच्या सुखावर, ह्यात लुटीचा संबंधच नव्हता, हे त्यांस ह्या वयात, ह्या चिखलात उमगले. त्यांणी सोनाजींपाशी बगळा काही दिवस कुमकेस मागितला. सोनाजी बोलिले, “बगळं काय माझ्या दावणीला बांधलंय व्हय? येत आसंल तर न्या की.”

नानासाहेब तडक परतले, त्यांणी सीड्या तोडिल्या, बुजगावण्याचा कोट उतरविला, दरवाजा सताड उघडा ठेविला, आणि पत्र्यावर भाताची शिते पसरून अभय दिले. शिते कावळ्यांनी नेली. ज्यास एकवार गोफण दाखविली तो मानपानाने परत येत नाही, हे कोणाही व्याह्याने सांगितले असते.

मग नानासाहेबांनी ऐसा बेत केला की ज्याची जागा रिकामी केली त्याची चाकरी आपणच करावी. पांढरे धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी, ऐसा बगळ्याचा पोशाख करून आणि काटे काढावयाचा चिमटा हाती घेऊन ते म्हशीच्या मानेशी गेले. पहिल्याच हल्ल्यात शेणात पडले. शेजाऱ्यांची दोन घरे गॅलरीत येऊन उभी राहिली. परंतु पडल्या जागी त्यांस नाल्यावरची रीत स्मरली, की पाखरू कान धरत नव्हते, एक टिपून थांबत होते. त्यांणी उठून एक गोचीड काढली आणि मागे सरले. गजराबाईंनी कान हलविला. त्यांणी दुसरी काढली आणि पुन्हा मागे सरले. ऐसे करिता करिता सांज जाहली, आणि मग गजराबाईंनी आपण होऊन मान खाली घातली आणि ती नानासाहेबांच्या खांद्यावर टेकविली. नानासाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले, ते त्यांणी म्हशीचे मूत उडाले म्हणोन सांगितले. पान्हा मात्र आला नाही.

आईतवारी सकाळी टेम्पो फाटकाशी येऊन ठाकला. ऋतुराज दावे घेऊन गोठ्यात आले. नानासाहेब कानापाशी होते, त्यांणी मागे वळून न पाहता पुढली गोचीड टिपली. मनकर्णाबाई कोणाचा हुकूम न पुसता बादली घेऊन खाली बसल्या. इतक्यात भिंतीवर काही पांढरे उतरले. बगळ्याने कोट आहे काय ते प्रथम पाहून घेतले, मग तो पाठीवर आला, चालत मानेपर्यंत गेला, आणि उजवा कान नानासाहेबांकडे आहे ऐसे पाहोन मुकाट्याने डाव्या कानाकडे वळला. गजराबाईंनी डोळे मिटले. मग बादलीत पहिली धार वाजली, आणि तिच्यामागे दुसरी, आणि मग फेस चढू लागला.

ऋतुराज यांणी म्हशीकडे पाहिले नाही. ते आपल्या बापाकडे पाहत राहिले. बापाची टोपी वाकडी, धोतर शेणाने भरलेले, आणि डोळे म्हशीसारखेच मिटलेले होते. टेम्पोवाल्याने पुसले, “साहेब, चढवायची का म्हैस?” ऋतुराज बोलिले, “नाय. जावा तुम्ही.” आणि दावे खुंटीस अडकविले.

मग तहाचे बोलणे जाहले, ते ऐसे की बगळ्याने यावे, गोचीड खावी, शिक्के वाटेल तेथे उमटवावे, आणि व्याही येतील त्या दिवशी नानासाहेबांनी टोपी घालू नये. नानासाहेबांनी बखरकारास हुकूम केला की ही आपली फत्ते ठळक अक्षरांनी लिहावी. तेव्हा मनकर्णाबाई चुलीपाशी दूध तापवीत होत्या, त्या म्हणाल्या, “लिव्हा काय लिव्हायचं ते. म्हैस गेली आसती तर ह्यांनीच पान्हा चोरला आसता. म्हशीच्या पाठीवर बगळा तरी येतोय, ह्यांच्यापाशी कोण येऊन बसतंय?” नानासाहेबांनी बशीतला चहा पुष्कळ वेळ फुंकला.

दुसरे दिवशी पहाटे, कारखान्याची गाडी येण्याच्या आधी, ऋतुराज गोठ्यात आले, पाटलोणीचे पाय दुमडून नानासाहेबांच्या शेजारी शेणात उकिडवे बसले, आणि म्हणाले, “चिमटा द्या इकडं, नाना. पाखरू येईस्तोवर डावा कान मी बघतो.” येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि ती ज्याची त्याच्या पदरी पडली, म्हणोन येथे रुजू केली असे.