वीस मिनिटांची उकळी

नेत्राचा फोन आला तेव्हा परीक्षितच्या पातेल्याला नुकतीच उकळी फुटली होती.

"फ्लाइट लवकर लँड झाली यार! मावशी बाहेरसुद्धा आली. चाळीस मिनिटांत आम्ही घरी पोचतो."

"अगं, हे अजून तासभर उकळायचंय!"

"बंद कर ते. तिला घरात बिअर दिसली तर मी तुला ओळखत नाही."

अमेरिकेत शॉमबर्गला राहायला आल्यापासून परीक्षित पहिल्यांदाच घरी बिअर करत होता. अहिल्यामावशी म्हणजे नेत्राच्या आईची थोरली बहीण, मुक्काम दोन महिने. नेत्रा-परीक्षितच्या लग्नात वरातीतल्या दोघांच्या तोंडाला वास आला, म्हणून या बाईंनी भर रस्त्यात बँड बंद पाडला होता. परीक्षितने विसाव्या मिनिटाला गॅस बंद केला. जवाचा तो काढा बर्फात घाईघाईने थंड केला, बादलीत ओतला, यीस्ट टाकलं आणि बादली लाँड्रीच्या, म्हणजे वॉशिंग मशीनच्या खोलीतल्या कपाटात कोंबली. मग सगळ्या खिडक्या उघडून चार उदबत्त्या लावल्या.

"वा, घरात पाऊल टाकलं आणि प्रसन्न वाटलं," मावशी म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मावशी देवळात गेलेल्या बघून तो बाटल्या भरायला बसला. एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी आटलंच नव्हतं, त्यामुळे बिअर पांचट. वर उकडलेल्या कोबीचा वास. बाटलीत गॅस होऊन फेस धरावा म्हणून जराशी साखर घालून बूच लावायचं असतं. कृतीत अर्धा चमचा लिहिला होता. पांचटपणा जावा म्हणून परीक्षितने दोन चमचे घातले. प्रत्येक बाटलीत. आणि बाटल्या परत त्याच कपाटात ठेवल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी मावशी डायनिंग टेबलाशी भेंडी चिरत होत्या.

धाड!

"नेत्रा, खाली वाक!" मावशी टेबलाखाली शिरल्यासुद्धा. अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या त्या पुण्यात रोज बघत.

धाड! धाड! परीक्षित जागच्या जागी थिजला. लाँड्रीच्या दाराखालून तपकिरी फेस संथपणे कार्पेटकडे निघाला होता, आणि सगळ्या घरात कोबी शिजत होता.

शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. दारात उंचापुरा ऑफिसर बघून नेत्राने परीक्षितला पुढे ढकललं. परीक्षितने अडखळत सगळं सांगितलं. ऑफिसर लाँड्रीत डोकावला, दार ओढून घेतलं आणि हसला. घरी बिअर करण्यात गुन्हा काही नाही, कुणाला लागलं नाही ना, एवढंच त्याने विचारलं.

परीक्षित हायसं वाटून मागे वळला. मावशी टेबलाखालून बाहेर आल्या होत्या.

"बिअर?" त्या म्हणाल्या.

"हो, मावशी. सॉरी."

"फुटल्या कशाने?"

"साखर जास्त पडली."

"जास्त का घातली?"

"पांचट लागत होती म्हणून."

"पांचट का झाली?"

"उकळी... जरा कमी दिली."

"किती?"

"वीस मिनिटं."

मावशी धप्पकन खुर्चीत बसल्या. जावई म्हणून इतके दिवस 'अहो'वर असलेल्या मावशी 'अरे'वर आल्या.

"अरे, वीस? एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात आंबवायच्या टाक्या सांभाळल्या मी! एक मिनिट कमी उकळलं तर अख्खी टाकी गटारात ओतायला लावायचे! दारू पिणाऱ्याचा मला राग येतोच. पण असली दारू करणाऱ्याचा?"

"मावशी, तू टाक्या...? तू तर पॅकिंगला होतीस ना?" नेत्रा थक्क झाली.

"तुझ्या आजोबांना काय सांगणार होते? दिवसभर काहीतरी आंबवत असते म्हणून? आता त्या कपाटाला हात लावू नका कुणी, उरलेल्या बाटल्याही फुटतील. दारावर जाड गोधड्या टाका."

जायला निघालेला ऑफिसर हा आवाज ऐकून थबकला. बाईंना धक्का बसलाय, डॉक्टर बोलवायचा का, असं त्याने काळजीने विचारलं.

"ऑफिसर," मावशी परीक्षितकडे बोट दाखवत कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "ही बॉइल्ड इट फॉर ट्वेंटी मिनिट्स!"

ऑफिसरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने परीक्षितला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ओन्ली ट्वेंटी?"

मग टोपी काढून तोही मावशींच्या शेजारच्या खुर्चीत बसला.