पाठीमागून वाचणारे तात्या

सगळं जग बाळाला मांडीवर घेऊन पुस्तक दाखवतं. आमच्या शेजारचे तात्या बाळाच्या पाठीमागं बसून वाचतात. म्हणजे चित्रं त्यांनीच बघायची! गायीचं पान आलं की ते आमच्या सईच्या मागून ‘हम्मा’ करून ओरडतात. ती दचकून मान वळवते आणि तात्या खूश होऊन पान उलटतात. भवानीनगरच्या कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात यांचा जन्म गेला. आता कॉलनीत कुणाकडं पाळणा हलला, की काखेत पुस्तक मारून हे दारात हजर.

“अहो तात्या, समोर या की. तिला गाय तरी दिसू द्या,” मी वैतागून म्हणायची.

“गाय गोठ्यात बी दिसंल. तू गप बस, पोरी.”

माझ्याच घरात मलाच दम!

सईच्या उष्टावणाला तर कहर झाला. खिरीचा घास भरवून झाला आणि रिवाजाप्रमाणं तिच्यापुढं ताट मांडलं: पेन, अंगठी, मातीचं ढेकूळ आणि तात्यांचं पुस्तक. सईनं पुस्तकच ओढलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पण पुस्तकाचा कोपरा तोंडात जाताच सासूबाईंनी ते हिसकावून कपाटावर ठेवलं.

“फाडंल की! तान्ह्या लेकराला काय कळतंय?”

तात्या ताडकन उठले. “फाडू द्या! चघळू द्या! नुसतं फोटूपुरतं ठिवलं व्हय ताटात? काय कळतंय म्हणं!”

पाहुण्यांसमोर हा तमाशा! माझाही पारा चढला. “तुम्हाला एवढं कळतंय, तर मग पाठीमागं बसून कसलं वाचता?”

तात्या मटकन खाली बसले. त्यांची लेक मंदा इंदापूरला दिलेली आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक.

“मंदी तान्ही हुती तवा आमी बी हेच म्हणायचो, लेकराला काय कळतंय. जवळ बसून वाचणं सोड, दोन शब्द कुणी बोललं न्हाय. कारखान्याचा भोंगा झाला तरी उठायची न्हाय. गुणाची पोर म्हणून कवतिक सांगत फिरलो मी. शाळेत घालायच्या वेळंला कळलं.”

सासूबाई उठल्या, कपाटावरचं पुस्तक काढलं आणि सईच्या पाठीमागं जाऊन बसल्या. “हम्मा!”

सईनं गर्रकन मान वळवली. तात्या उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

“रोज वळते की ती, तात्या,” मी म्हटलं.

“व्हय. पर बघायला बरं वाटतं.”