बिनपगारी साहेब

फिंच साहेबांनी दरबारचा पगार नाकारला, तेव्हा जव्हारच्या कारभाऱ्यांनी त्यांना दोनदा विचारलं, प्रकृती बरी आहे ना? साहेबांची प्रकृती ठणठणीत होती. विलायतेहून ते इंग्रजी शिकवायला आले होते, तेही फुकट, आणि त्या फुकटपणाचा त्यांना भारी अभिमान होता. डोंगरातल्या दाभोशा गावात दसऱ्यापर्यंत पोरं जमली तर तिथली शाळा पक्की, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून परत, असं ठरलं. साहेबांना दसरा उगाच लांब वाटला. एवढा वेळ कशाला लागतोय!

शाळेसाठी ओटा मिळाला तो ढवळूच्या घराचा.

"सायेब, दरबार काय देतो?" ढवळूने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी वेतन घेत नाही," साहेब म्हणाले. त्यांना मराठी पुण्याच्या एका शास्त्रीबुवांनी शिकवली होती, त्यामुळे ते पोथी वाचल्यासारखे बोलत. "हे कार्य मी स्वेच्छेने करतो."

"आन् राहनार कुठं?"

"आपल्याच गृही, आपली अनुमती असेल तर. पडेल ते कामही करीन."

ढवळूने बायकोकडे, माघीकडे पाहिलं. माघीने दारात उभ्या असलेल्या लेकीकडे, पोशीकडे पाहिलं. त्या डोंगरात दुसऱ्याच्या घरी राहून फुकट राबणारा माणूस एकच, तो म्हणजे घरोर. मुलीच्या बापाला द्यायचं देज जवळ नसलं, की पोरगा तिच्या घरी राहून काही वर्षं राबायचा आणि मग त्याचं लग्न लागायचं. साखरशेतचा जिव्या पोशीसाठी असाच राबत होता. आता हा दुसरा आला.

"आईबापानं देज जमवला नसंल," माघी हळहळली. "म्हनून बिचारा समिंदर वलांडून आला."

पहिले काही दिवस ओट्यावर एकही पोर फिरकलं नाही. साहेब डगमगले नाहीत. आधी लोकांची मनं जिंकू, मग पोरं आपोआप येतील, असा त्यांनी हिशेब मांडला आणि ते आवणीला चिखलात उतरले. भाताची रोपं त्यांनी अशी काही लावली, की माघीला ती मागून सगळी उपटून पुन्हा लावावी लागली. पण माणूस राबतोय हे गावाने पाहिलं. बांधावर ही गर्दी जमली.

"रंग उडालाय, पन हातपाय धड हायेत," फागू म्हणाला. तो ढवळूचा शेजारी, आणि त्याचं मत गावात चाले.

त्या दिवसापासून ढवळू साहेबांना "अरे बाबा" म्हणू लागला. माघी नाचणीची जाड भाकरी त्यांच्या पुढ्यात टाकून दटावू लागली, "खा! नायतर काम कसं जमंल तुला?" तुमीचा तू झाला म्हणून साहेब हरखून गेले. जिव्या मात्र पेटला. साहेबांनी लाकडाची एक मोळी आणली की तो दोन आणी. साहेब ओट्यावर शिकवायला बसले की तोही पाटी घेऊन समोर बसे, आपण कुठे कमी पडायला नको म्हणून. दोन घरोरांची ही झुंज बघायला गाव लोटलं आणि पोरं ओट्यावर बसू लागली. घरचाच माणूस शिकवतोय, मग भ्यायचं कशाला? साहेबांना वाटलं, आपली पद्धत लागू पडली.

मग एके दुपारी सुकरी आली. सुकरी म्हणजे गावची लग्नं लावणारी धवळेरी. तिने साहेबांभोवती एक फेरी मारली, त्यांचा दंड दाबून पाहिला आणि ढवळूला म्हणाली, "दोनी बरं हायेत. पन लगीन येकाशीच लागंल. भात कापून झालं का ठरवा."

साहेबांनी पोशीला गाठलं. "ही स्त्री कोणाच्या विवाहाविषयी बोलत होती?"

"तुमच्या आन् माझ्या."

 पोशीने सगळं समजावून सांगितलं आणि वर झाडलं, "जिव्या कवाधरनं राबतोय. माझं मन त्याच्यावर हाय. तुमी मधीच कुठनं उपटलं?"

"पण आता नाही म्हटलं, तर तुझ्या पित्याचा अपमान होईल!"

"व्हईल. शाळा पन जाईल."

साहेबांनी लगेच नवा हिशेब मांडला. फुकट राबतो तोच घरोर ना? मग उपाय सोपा होता. ते तडक जव्हारला गेले आणि कारभाऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "मला वेतन हवे. आजपासून." कारभाऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. साहेबांना आराम पडला असं त्यांना वाटलं.

परत येऊन साहेबांनी अंगणातूनच जाहीर केलं, "मी आता पगारी नोकर आहे!"

जिव्याने आनंदाने उडी मारली. ढवळू मात्र साहेबांसाठी ओट्यावर घोंगडी अंथरू लागला. मग म्हणाला, "बरं झालं, सायेब. तुमी आता दरबारचं मानूस."

त्या एका "तुमी"ने साहेब घरात परके झाले. संध्याकाळी माघीने त्यांना भात वाढला, पाहुण्याला वाढतात तसा वेगळा, न दटावता. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. दरबारचा माणूस म्हणजे वेठीला धरून नेणारा, हे पोरांनासुद्धा ठाऊक होतं. दसरा तोंडावर आला आणि साहेबांनी जड मनाने सामान बांधायला घेतलं.

तोच ढवळू जिव्याच्या दंडाला धरून त्याला ओढत आला. मागे गावातली झाडून सगळी पोरं.

"शिकवा याला, सायेब! बिगी बिगी शिकवा!"

"पण का?"

"पोशी बोलते, याला इंग्रेजी वाचता आली तरच लगीन. आन् हा येकला बसाया लाजतो. म्हनून सगली पोरं आनली."

जिव्या मान खाली घालून उभा होता. आतली जात्याची घरघर थांबली. त्याच घरघरीत बसून पोशीने बाहेरचा सगळा वर्ग ऐकला होता, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पिठाचे हात झटकत ती ओट्यावर आली.

"सिट डाऊन!" ती कडाडली.

जिव्या बसला. पोरं बसली. काही न कळता ढवळूही बसला. एकटे फिंच साहेब उभे राहिले. पोशीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेही बसले.