विल्फ यांची अवकाश-सहल

आमच्या अवकाशाच्या खेळातली प्रेक्षणीय स्थळं माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो! जोडसूर्यांचा उदय म्हणू नका, बर्फाचे ज्वालामुखी म्हणू नका, एकमेकांभोवती गिरक्या घेणारे कडीवाले ग्रह म्हणू नका... छत्तीस वर्षं इंग्लंडातल्या ग्रिम्सबीत बस चालवली, पण जग पाहिलं ते निवृत्तीनंतर, कॉम्प्युटरपुढे बसून.

शेजारचे विल्फ ब्लँचर्ड एके काळी थेट आइसलंडपर्यंत मासेमारीला जायचे. आता फुप्फुसं थकलीत. नाकात नळी, कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, आणि दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हा खेळ मीच त्यांना शिकवला. रविवारी दुपारी त्यांची मुलगी हेझल चर्चच्या चहाला जाते, तेवढा वेळ मी त्यांच्यापाशी असतो.

"विल्फ, आज एका दुपारात नऊ स्थळं!" मी जाहीर केलं.

"नऊ? अरे डेस्मंड, मी एक बघूनच दमतो."

"तुम्ही फक्त माझ्या मागे मागे या हो!"

दोन स्थळं झक्कास झाली. तिसऱ्याकडे जाताना मी जवळचा रस्ता धरला, आणि तिथेच घात झाला. आम्ही उतरलो ते एका उघड्याबोडक्या राखाडी गोळ्यावर. दोन्ही यानांचं इंधन खलास! समोर दगड. त्यापलीकडे आणखी दगड. सूर्य म्हणाल तर टाचणीच्या टोकाएवढा. यानाचा भोंगा मात्र पीं-पीं करून कान किटवत होता.

"काय देखावा आहे, नाही?" मी रेटून म्हणालो.

विल्फ काहीच बोलले नाहीत. भारावले असतील, मला वाटलं. ओठ निळसर दिसत होते. तो पडद्याचा उजेड, असं मीच ठरवून टाकलं.

यानातली हवा जेमतेम पंचवीस मिनिटं पुरणार होती. मी घाईघाईने आमच्या खेळाच्या क्लबला लिहिलं, 'विल्फचा ऑक्सिजन संपत आलाय! पंचवीस मिनिटं उरलीत! कुणीतरी या!'

क्लबातल्या लीड्सच्या बेरिलबाई दर नाताळाला विल्फना कार्ड धाडतात. त्यांना विल्फचं दुखणंही ठाऊक आणि पत्ताही. त्यांनी यान नाही पाठवलं. अँब्युलन्स पाठवली!

नवव्या मिनिटाला दार धडधडलं. दोघं जण पेटी घेऊन आत शिरले. पाठोपाठ अँब्युलन्स बघून हेझल चर्चमधून धावत आली, हातात केकचा अर्धा तुकडा तसाच.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं," मी हसत म्हणालो. "गैरसमज झालाय! तो खेळातला ऑक्सिजन..."

"उठा जरा," अँब्युलन्सवाली उंच बाई मला म्हणाली.

"अहो, तेच सांगतोय, हे सगळं खेळातलं..."

"उठा!"

उठलो. माझ्या खुर्चीच्या पायाखाली विल्फची नळी दाबली गेली होती. आणि तो भोंगा यानाचा नव्हताच. कोपऱ्यातलं मशीन बोंबलत होतं.

बाईने नळी बदलली, विल्फच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि आकड्यांकडे बघत राहिली. हेझल वडिलांचा हात धरून बसली. मी उभाच राहिलो; त्या खुर्चीला शिवायची हिंमत नव्हती.

हळूहळू विल्फच्या ओठांवर रंग आला.

तोवर पडद्यावर क्लबातली बाकीची सतरा यानं इंधन घेऊन त्या गोळ्यावर उतरली होती. काळ्याकुट्ट आकाशाखाली त्यांचे दिवे दगडांवर पसरले होते. विल्फ टक लावून बघत होते.

"एकदा भर थंडीत आमचं इंजिन बंद पडलं," ते बारीक आवाजात म्हणाले. "तीन दिवस समुद्रावर. मग मदतीच्या बोटी आल्या. त्यांचे दिवे अस्सेच दिसले होते."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"तू तेव्हा दोन महिन्यांची होतीस. तुझ्या आईनं तेव्हाच पुरेसं रडून घेतलं होतं. पुन्हा कशाला काढायचं?"

"आता सांगा," हेझल म्हणाली. उंच बाईनेही पेटी बंद करता करता हात थांबवला. विल्फ थांबत थांबत, दम घेत सांगत राहिले.

निघताना मी दारात घुटमळलो. "हेझल, पुढच्या रविवारी मी..."

"या," ती डोळे पुसत म्हणाली. "पण बसायचं नाही!"

तेव्हापासून दर रविवारी दोन तास मी उभ्या उभ्याच अवकाश फिरतो. भिंतीला टेकायची परवानगी परवाच मिळाली!