नानांच्या पुढ्यातला माइक

सेर्वाने एकाऐवजी दोन माइक नेले, तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली. एक नेला असता तर ती बेताच्या गुणांनी पास झाली असती आणि आपल्याला सांगायला काही उरलं नसतं.

अन्यिनासोच्या पत्रकारिता कॉलेजात फळ्यावर शिकवायची चाल नाही. पहिल्याच आठवड्यात पोरांच्या हाती माइक देऊन त्यांना बाजारात सोडतात. पोरं टोमॅटोवालीच्या शिव्या खाऊन परत येतात आणि त्या शिव्यांत बातमी कुठे होती, यावरून मॅडम बामफोवा दुपारभर त्यांची सालं काढतात. कॉलेजचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे आणि ते सगळा गाव ऐकतो. शेवटची परीक्षाही त्यावरच, गावातून थेट प्रक्षेपण करून. ज्याचं सर्वांत सरस, त्याला राजधानीत, आक्र्याच्या मोठ्या केंद्रात उमेदवारी. जागा एकच होती आणि सेर्वाने ती मनातल्या मनात केव्हाच बळकावली होती.

तिने विषयही तसाच निवडला. नव्या बाजारावर छप्पर कधी पडणार, हे गावचे राजे नाना अमोआतेंग यांनाच विचारायचं.

नानांना विचारता येतं, पण नाना उत्तर देत नाहीत, पुटपुटतात. राजाचा शब्द थेट लोकांच्या कानी पडायचा नसतो. म्हणून शेजारी सोनेरी मुठीची काठी घेऊन त्यांचे ओक्येआमे म्हणजे प्रवक्ते, ओपानिन ड्वोमो, उभे असतात. ते पुटपुटणं धुऊन, इस्त्री करून लोकांच्या हवाली करतात. नानांच्या नुसत्या खोकल्यातून त्यांनी एकदा जमिनीचा तंटा मिटवला होता असं म्हणतात, आणि ड्वोमोंना ऐकलेल्या माणसाला ते खोटं वाटत नाही.

पण मॅडमचा नियम असा की शब्द ज्याचा, तोंडही त्याचंच हवं. सेर्वाने तोड काढली. नजराण्याची श्नॅप्स दारूची बाटली उजव्या हाताने ड्वोमोंपुढे धरून ती म्हणाली, "ओपानिन, एक माइक तुमच्यापुढे, तो गावासाठी. दुसरा नानांच्या आसनापाशी ठेवते. फक्त मॅडमना दाखवायला. तो रेडिओवर जाणार नाही."

"आणि गेला तर?"

"जाणारच नाही."

"असं छातीठोक सांगणाऱ्यांचीच मेंढरं आम्ही दंडात कापतो, पोरी," ड्वोमो म्हणाले आणि बाटली ठेवून घेतली.

यंत्राच्या पेटीवर दोन बटणं होती. कुठल्या बटणाने काय रेडिओवर जातंय, हे हेडफोन लावल्यावरच कळतं. पण नानांसमोर डोक्यावर काही चालत नाही. टोपी नाही, रुमाल नाही, आणि हेडफोनही नाही, असं म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी नजरेनेच सांगितलं. सेर्वाने चपलांबरोबर हेडफोनही दाराशी ठेवला. फोन आधीच पहारेकऱ्याकडे गेला होता. मग तिने नुसत्या अंदाजाने बटण दाबलं, आणि ते नेमकं नानांच्या माइकचं निघालं.

छपराचं विचारताच नाना पुटपुटले. ड्वोमोंनी काठी उचलली. कासव चालताना धूळ उडवत नाही म्हणून ते निघालंच नाही असं कोणी समजू नये, इथपासून सुरुवात करून त्यांनी पूर्वजांना साक्षीला बोलावलं. दरबाराच्या चौकात माना डोलल्या. सेर्वाला वाटलं, आक्रा हाताशी आलं.

गावात मात्र रेडिओवर ऐकू आलं ते असं: "पत्रे कुठले? कंत्राटदार दोन पावसाळे मला टोलवतोय. तू सांग बाबा काहीतरी गोड. आणि जरा आटप, माझा ताटातला फुफू गार होतोय."

मासळीवालीने आवाज वाढवला. शिंप्याने यंत्र थांबवलं. पुढच्या प्रश्नाला नानांनी कंत्राटदाराचं नाव घेतलं, तो आपल्याच मेव्हण्याचा जावई असल्याचं सांगितलं आणि उजवीकडचा दरबारी घोरतोय, त्याला ढोसा, असंही म्हणाले. कॉलेजात मॅडम फोन लावत होत्या आणि फोन पहारेकऱ्याच्या खिशात वाजत होता. तोही उचलेना, कारण त्याने कानाला रेडिओ लावला होता.

शेवटी बाजारातल्या बायकांचा घोळका दरबाराच्या दाराशी आला, त्यांच्यामागून चपला हातात घेऊन मॅडम धावत आल्या, आणि पहारेकऱ्याने ड्वोमोंच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्वोमो गप्प झाले. ते गप्प झालेले गावाने पहिल्यांदाच पाहिले. सेर्वाने पेटीकडे बघितलं आणि तिला सगळं उमगलं. आक्रा गेलं, वर वडिलांच्या गळ्यात मेंढराचा दंड.

ती गुडघ्यांवर बसली. तिला एवढंच बोलता आलं, "चुकलं, नाना."

मग ड्वोमोंनी जे केलं त्याला तोड नाही. त्या दोन शब्दांतून त्यांनी अशी क्षमायाचना उभी केली की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पिल्लू पहिल्यांदा उडतं तेव्हा घरट्यातल्या काड्या पडायच्याच, म्हणाले. तोवर निरोप आला की कंत्राटदार बाजारात उभा आहे आणि स्वतः ट्रकमधून पत्रे उतरवून घेतोय. बायका वळल्या. गोंधळ ओसरला.

नाना पुष्कळ वेळ पुटपुटले. ड्वोमोंनी ऐकून घेतलं, काठी आपटली. "नाना म्हणतात, माफ केलं. पण असा प्रकार या दरबारात पुन्हा घडता कामा नये."

परतताना मॅडमनी सांगितलं, यंत्र हाताळण्याचे गुण शून्य, बातमीचे पैकीच्या पैकी, आणि आक्र्याच्या संपादकांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी हसता हसता जागा दिली. मग मॅडमनी विचारलं, "तू तर पायाशीच बसली होतीस. नाना खरं काय म्हणाले?"

"नीट ऐकू नाही आलं, मॅडम," सेर्वा म्हणाली.

ऐकू स्वच्छ आलं होतं. नाना म्हणाले होते, "पोरीला सांग, पुढच्या शुक्रवारी ये. दवाखान्याच्या विहिरीचं विचार. पेटी अशीच ठेव, आणि कोणी विचारलं तर चुकून झालं म्हण."

सेर्वाने आक्र्याला कळवलं की रुजू व्हायला मी एक आठवडा उशिरा येईन, गावात एक चूक करायची राहिली आहे.