फ्रिजवरून दिसलेलं घर

शुक्रवारी संध्याकाळी एझ्राकाका नवगावकरांनी टेबलावरचे दोन दिवे लावले, प्रार्थना पुटपुटली आणि डोळे उघडले, तर समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून त्यांचाच दमलेला चेहरा त्यांच्याकडे बघत होता. मीटिंग बंद करायची राहिली होती.

दिवे लागले म्हणजे शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागला. आता शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत बेने इस्राएल माणसाने, म्हणजे मराठी ज्यूने, फोनला बोट लावायचं नाही. मिल्काकाकूंनी हा नियम जन्मभर पाळला, आणि त्या गेल्यावर काकांनी बाकी बरंच सोडलं तरी एवढं एक धरून ठेवलं होतं. बोईसरच्या कारखान्यात होते तेव्हा शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी निम्म्या खात्याशी पाळ्या बदलल्या होत्या.

चूक तशी ठाण्याच्या तळकरांची. लॉकडाऊन लागल्यापासून समाजाची माणसं दर शुक्रवारी फोनवर जमत, आणि मंडळाचे सेक्रेटरी म्हणून इलायझर तळकर भाषण करत. आज विषय होता हात कसे धुवावेत. अंगठ्यापर्यंत येता येता सूर्य बुडायला आला. काकांनी कंटाळून फोनचा आवाज पार बंद केला, घाईघाईने दिवे लावले, आणि फोन तसाच राहिला. ज्यांच्या फोनवरून मीटिंग चालायची ते तळकरही ती बंद करायला नेहमीच विसरत.

काकांना समाजाचं तसं वावडं नव्हतं. पण दिवसातून तीनदा कुणीतरी फोन करून "जेवलात का?" विचारायचं, आणि तीनदा "हो" म्हणता म्हणता माणूस उपाशीपोटीसुद्धा दमतो.

खरी काळजी होती अश्दोदच्या लेकीची, नओमीची. इस्राएलमध्ये सूर्य आपल्यानंतर अडीच तासांनी मावळतो. म्हणजे नओमीचा शब्बाथ अजून लागलेला नव्हता आणि ती अजूनही बघत असू शकत होती; पडद्यावरचे बाकीचे चौकोन इतके बारीक की चष्म्याशिवाय त्यांत कोण ते कळत नव्हतं. तिचा हट्ट होता, पप्पांनी बोईसर सोडावं आणि ठाण्याला समाजाने वृद्धांसाठी घेतलेल्या खोल्यांपैकी एकीत राहावं. काकांचं म्हणणं एकच, मी इथे व्यवस्थित आहे. पुरावा म्हणून दर शुक्रवारी पांढरं टेबलक्लॉथ, घासलेला चांदीचा पेला आणि भिंतीवर मिल्काकाकूंचा फोटो एवढाच कोपरा फोनमध्ये दिसे. त्या कोपऱ्याच्या बाहेर जे घर होतं, त्याकडे काका स्वतःही शक्यतो बघत नसत.

"अडीच तास गप्प बसू," काकांनी ठरवलं. बसण्यात काय, आयुष्यभर बसतच आलो. पाठ ताठ करून ते फोटो काढल्यासारखे बसले.

आणि दारात मंदा आली.

मंदा मूळची चिंचणीची. टाळेबंदीच्या थोडं आधी शेजारी राहायला आली होती आणि काकांना दोन वेळचा शाकाहारी डबा देत होती. ही गोष्ट नओमीला ठाऊक नव्हती. तिच्या हिशेबी पप्पा स्वतः रांधत होते, आणि मागच्या आठवड्यात तर त्यांनी फोनवर तिला बिरड्याची कृतीही सांगितली होती.

"काका, कालचा डबा अजून धुतला नाय का?" मंदाने मास्कमधूनच सुरुवात केली. "आनि सकालची भाजी तशीच. तुमी खाता का मांजरीला घालता?"

मंदाला "फोन बंद कर" म्हटलं की काम झालं असतं. पण शब्बाथला परक्याकडूनही काम सांगून करवून घ्यायचं नाही, अशी काकांच्या वडिलांची शिकवण होती. फार तर आपली अडचण बोलून दाखवायची. पलीकडे गुजराती बेन राहायच्या तेव्हा मिल्काकाकू नुसतं "अगंबाई" म्हणायच्या आणि बेन येऊन गॅस बंद करून जायच्या. बेन आता सुरतला होत्या.

"मंदा," काका सावधपणे म्हणाले, "तो उजेड डोळ्यांवर येतो गं."

मंदाने ट्यूबलाइट बंद केली.

अंधारात दोन दिवे आणि फोन तेवढे उरले. फोनच्या उजेडात काकांचा चेहरा आणखीच आजारी दिसू लागला.

"अजून आहे थोडा उजेड," काका म्हणाले.

मंदा दिव्यांवर फुंकर मारायला वाकली.

"नको, नको. दिवे राहू देत. टेबलावर जरा... गर्दी वाटते, एवढंच."

"मग असा सांगा ना." मंदाने चार्जरच्या वायरीसकट फोन उचलला आणि टेबलाशेजारच्या फ्रिजवर, मिल्काकाकूंच्या लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. मग, "अंधारात जेवाल काय," म्हणून ट्यूबही लावली.

काकांनी मान वर करून बघितलं. फोन तिथून साऱ्या घराकडे पाहत होता. मोरीतली भांडी, पलंगावरचा न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग, पंख्याला बांधलेली दोरी, दोरीवरचे बनियन, आणि भाजीच्या पातेल्यात तोंड घातलेली मांजर. काकांना स्वतःलाच इतकं घर एकदम कधी दिसलं नव्हतं. फोनवर कोण आहे, कोण नाही, ते मात्र खालून दिसत नव्हतं.

मंदा ताट वाढत होती. "परवा चक्कर आली ती पोरीला सांगितली का?"

"मंदा, हळू." काका अगदी टेकीला आले होते. "या घरात आपण दोघंच नाही आहोत."

मंदाचा हात थांबला. तिने इकडे तिकडे पाहिलं. मग तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली आणि चेहरा एकदम मऊ झाला.

"खरा हाय," ती हळूच म्हणाली. "काकी इथंच असनार. मना कदी सुचलाच नाय."

तिने पदर सारखा केला, फोटोला हात जोडले आणि उंबऱ्याशी बसून मिल्काकाकूंना सगळं रीतसर सांगितलं. काका दोन घास खातात आणि उठतात. गोळ्या घेत नाहीत. मोरीपाशी तोल गेला होता, आमच्या घरच्यांनी उचलून पलंगावर ठेवलं. संध्याकाळी दार उघडं ठेवून नुसते बसतात, आपण बोलल्याशिवाय बोलत नाहीत. "पन तुमी काळजी करू नका काकी. आमी हाव."

मंदा गेल्यावर काकांनी ताटातलं सगळं संपवलं. साक्षीदार असल्यावर खावंच लागतं. त्या रात्री त्यांना वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पसाऱ्याचं नव्हे, घासलेल्या पेल्याचं. इतके आठवडे घासला आणि एका डबेवालीने सगळं धुऊन टाकलं. शनिवारचा सारा दिवस फ्रिजखालून ये-जा करताना ते वर न बघता, चोरासारखे वावरले.

शनिवारी चांदण्या दिसल्या. काकांनी शब्बाथ सोडायच्या रीतीप्रमाणे सब्जाची पानं हुंगली, प्रार्थना म्हटली, शब्बाथ सुटला. मग स्टुलावर चढून त्यांनी फोन खाली घेतला आणि बोट लाल बटणाकडे नेलं.

तळकरांचा काळा चौकोन सोडला तर पडद्यावर दोनच चौकोन उरले होते. एकात त्यांची स्वतःची हनुवटी. दुसऱ्यात कुणाचं तरी स्वयंपाकघर. भांड्यांनी तुडुंब भरलेलं सिंक, ओट्यावर उघडा ब्रेड, खुर्चीवर धुवायच्या कपड्यांचा डोंगर. त्या डोंगराला टेकून जमिनीवर नओमी बसली होती. काकांनी आवाज मोठा केला.

"पप्पा, शब्बाथ शालोम," नओमी म्हणाली. "इथे अजून दिवस आहे."

"तू अजून कशी?"

"काल तुम्हाला हाका मारत बसले. तुमच्या फोनचा आवाज बंद असणार. फोन केला असता तर तुम्ही उचलला नसता. मंदाताई आईशी बोलायला लागली, ते ऐकत बसले, मग तुम्ही जेवताना, नुसते बसलेले दिसत होता ते बघत राहिले आणि इथे सूर्य कधी बुडाला कळलंच नाही. दिवे लावले आणि आता मलाही बंद करता येत नाही."

काका चष्मा लावून निरखून बघत होते. दर शुक्रवारी नओमीच्या मागे पांढरा सोफा असायचा, त्यावर फुलांची उशी.

"सोफा कुठे गेला?"

"आहे. तेवढाच आवरलेला असतो."

"भांडी कधीची?"

"बुधवारची," ती म्हणाली. "पोरं दिवसभर घरात, ऑफिस घरात. दमते पप्पा. तुम्हाला कशाला सांगायचं?"

"नवरा काय करतो?"

"हात धुतो. तळकर अंकलचं ऐकतो."

काकांना हसू आलं. किती दिवसांनी लेकीने त्यांना काहीतरी सांगितलं होतं.

"ठाण्याचं मग..." नओमीने सुरुवात केली.

"त्यांच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत का विचारतो," काका म्हणाले. "एक तुझ्यासाठी."

नओमी डोळे पुसत हसली. "चक्कर आली तर सांगाल?"

"तू भांडी दाखवशील?"

"हं." तिने मान हलवली. "पप्पा, आता तुम्हीच बंद करा. तुमचा शब्बाथ सुटलाय. मला हात लावता येत नाही."

काकांनी लाल बटणाकडे पाहिलं. मग स्टुलावर चढून फोन पुन्हा फ्रिजवर, मिल्काकाकूंच्या बरणीला टेकवून ठेवला आणि बाह्या सरसावून ते मोरीकडे गेले.

"राहू दे," ते तिथूनच म्हणाले. "डबा धुतो. बघत बस."